खिडकीतून टाकलेली थैली

माझी मावशी यशोदाबाई ज्या रांगेत उभी राहते ती रांग तिच्यापासूनच सुरू होते, असं आमच्या घरात चेष्टेनं म्हणतात. रेशनचं दुकान असो, बँक असो, अर्जुनी मोरगावचं रेल्वे स्टेशन असो, ती अगदी सहज पुढे जाऊन उभी राहते आणि मागच्या माणसाला वाटतं, आपणच चुकून पुढे आलो होतो. कुणी हटकलंच तर ती त्याच्या घरच्यांची चौकशी करते. तोवर तिचं काम झालेलं असतं.

तिचं सासर कोहळ्यांचं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधत आलेल्या जातीचं. गावचा तलाव तिच्या सासरच्या कुणा पूर्वजानं बांधला असं म्हणतात, आणि मावशी ते अशा थाटात सांगते की जणू बांधावर माती टाकायला ती स्वतः हजर होती. तिचे यजमान परसराम म्हणजे अबोल, भला माणूस. त्यामुळे तलावाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायचं काम हळूहळू मावशीकडेच आलं. एका वर्षी धान निसवायच्या, लोंब्या धरायच्या वेळी एका बड्या शेतकऱ्यानं पाळी नसताना पाणी आपल्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, वळवलं. मावशीनं भांडण केलं नाही. तिनं पाट बुजवला, त्यावर घरची खुर्ची टाकली आणि दिवसभर तिथे भाजी निवडत बसली. संध्याकाळी तो शेतकरी स्वतःच चहा घेऊन आला. तेव्हापासून गावात तिच्या शब्दाला पाण्याइतकीच किंमत आहे.

तिचा एक दोष मात्र मला सांगितलाच पाहिजे. ती दुसऱ्याचं बोलणं स्वतःच बोलून टाकते. शेजारणीला डॉक्टरकडे नेलं तर दुखतं कुठे हे मावशी सांगते. शेजारीण नुसती जीभ दाखवते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दिवसभर चाळीस पोरांना गप्प करते, पण मावशीबरोबर असले की मलाही बोलायला जागा उरत नाही. चिडून उपयोग नसतो, कारण ती जे बोलते ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

आमच्या गावातले पुरुष दर वर्षी धान निघालं की ‘अभ्यास दौऱ्या’वर जातात. कधी कुठली शेती बघायला, कधी कुठला कारखाना. परत येतात तेव्हा अभ्यासाचं कुणी बोलत नाही, जेवणाचं सगळे बोलतात. दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या बैठकीत मावशी म्हणाली, यंदा आपण जाऊ. फक्त बायका. बरोबर एकही पुरुष नाही. मग जायचं कुठे असा प्रश्न आला, आणि कोपऱ्यात बसलेली सावित्रीबाई अगदी हळू म्हणाली, कलकत्ता.

सावित्रीबाई म्हणजे किराणा दुकानवाल्या चुन्नीलालभाऊंची बायको. तिचं माहेर अरुणनगरजवळ, जिथे पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं सरकारनं वसवली त्या वसाहतीला लागून. लहानपणी शेजारच्या बंगाली काकीनं तिला सांगितलं होतं की कलकत्त्यात भर रस्त्यात रूळ असतात, त्यावरून घंटा वाजवत गाडी जाते, आणि माणसं चालत्या रस्त्यातच तिच्यात चढतात उतरतात. सावित्रीबाईला त्या गाडीत बसायचं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईची एवढीच इच्छा, आणि ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. मावशीनं त्याच बैठकीत ठरवून टाकलं. गोंदियाहून हावड्याला थेट गाडी आहे, मग अडचण कशाची, असं तिचं म्हणणं.

अडचण चुन्नीलालभाऊंची होती. माणूस वाईट नाही. बायकोवर जीव आहे, पण तो जीव फोनवरून बाहेर पडतो. सावित्रीबाई माहेरी गेली तरी पोहोचली का, जेवली का, आता कुठे आहे, असे त्यांचे फोन सुरूच असतात. निघायच्या दिवशी ते अर्जुनी स्टेशनवर आले आणि सगळ्यांसमोर मावशीला म्हणाले, "एकबी वस्तू इकडची तिकडं झाली ना यशोदाबाई, तं हे बायकांचं फिरनं पयलं अन् शेवटचं. मंजूर आहे का?"

"मंजूर," मावशी म्हणाली. "अन् नाई झाली तं दरसाल जाऊ. मंग तुमी काऊन म्हनाचं नाई."

आजूबाजूचे हसले, पण दोघंही हसत नव्हते. आमच्या गावात असा चारचौघांत दिलेला शब्द कुणी मोडत नाही, आणि मावशी तर मुळीच नाही. गाडीत बसल्याबरोबर तिनं आम्हा पाच जणींची आधार कार्डं, परतीची तिकिटं आणि सगळ्यांचे मोबाइल चार्जर असं सगळं गोळा करून आपल्या निळ्या थैलीत टाकलं. पैसे मात्र जिचे तिच्या कनवटीला. मी म्हटलं, कार्डं तरी जिची तिच्याजवळ असू दे. ती म्हणाली, तुम्ही हरवाल.

कलकत्त्यात आम्ही बडाबाजारच्या एका धर्मशाळेत उतरलो. खोलीची किल्लीही थैलीतच गेली. आता तिथे ट्रामचे मार्ग मोजकेच उरलेत आणि तेही कधी बंद होतील कोण जाणे, पण धर्मतल्याहून श्यामबाजारला जाणारी पाच नंबरची ट्राम चालू होती. पहिल्या दिवशी आम्ही तिची बराच वेळ वाट पाहिली. ती आली तेव्हा सासूला घेऊन आलेल्या रीतानं विचारलं की ही एवढी हळू का येते, काही बिघडलंय का. बिघडलं काही नव्हतं. ती तशीच चालते. पुढे हातगाडी आली तर थांबते, टॅक्सी आडवी आली तर घंटा वाजवून थांबते, आणि रूळ सोडून बाजूला होता येत नसल्यामुळे कुणावर रागावतही नाही.

आत लाकडी बाकं, छताला गोल जाळीचे पंखे, गळ्यात चामडी पिशवी अडकवलेला कंडक्टर आणि पतंगाच्या कागदासारखी पातळ तिकिटं. सावित्रीबाई खिडकीशी बसली. मी तिच्याकडे बघत होते. ती खिडकीच्या गजावर हात ठेवून बसली आणि श्यामबाजार येईपर्यंत तो हात तिनं काढला नाही. मला फार बरं वाटलं. मध्ये चुन्नीलालभाऊंचा फोन आला. तो मावशीनं घेतला आणि सगळं ठीक आहे असं सांगून ठेवून दिला.

दोन दिवसांत मावशीनं शहर काबीज केलं. तिचा नियम सोपा होता. रूळ सोडायचा नाही. कुठेही उतरा, पुस्तकांच्या दुकानांपाशी उतरा, हातीबागानच्या साड्यांपाशी उतरा, पायी भटका, पण रुळाच्या कडेनं. थकलात की तिथेच उभं राहा, गाडी येईल. नकाशा नको, मोबाइल नको, कुणाला पत्ता विचारणं नको. पाटाच्या कडेनं चालणारा माणूस शेतात हरवत नाही, तसं. ती मोठ्या आवाजात हिंदी बोलायची, लोक बंगालीत उत्तर द्यायचे आणि ती आम्हाला त्याचा अर्थ सांगायची. अर्थ बरोबर असायचा की नाही देव जाणे, पण आम्ही पोहोचत होतो. ट्रामचे कंडक्टर तिला ओळखू लागले होते आणि ती त्यांना घरचे किती जण, शेती आहे का, असं विचारू लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मतल्याच्या स्टँडवर आम्ही भांड्यातला चहा घेत होतो. तिथे भांडं म्हणजे मातीचा इवला पेला. श्यामबाजारची ट्राम वळसा घेऊन येऊन उभी राहिली. आणि माझ्या मावशीनं ते केलं जे ती आयुष्यभर अर्जुनीच्या एसटी स्टँडवर करत आली आहे.

आमच्याकडे एसटी लागली की दाराकडे धावतो तो अडाणी. शहाणा माणूस खिडकीतून आधी रुमाल टाकतो, रुमाल नसला तर दुपट्टा, दुपट्टा नसला तर थैली. वस्तू सीटवर पडली की सीट तुमची. मग तुम्ही आरामात पाणी प्या, बाटली भरून घ्या, ओळखीच्यांशी दोन शब्द बोला. ड्रायव्हर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून येईपर्यंत गाडी हलत नाही, आणि तुमच्या रुमालावर कुणी बसत नाही. बसलाच तर सगळी गाडी त्याला बोलते. मावशी ट्रामच्या खिडकीपाशी गेली, निळी थैली आत बाकावर अलगद टाकली आणि जागा धरल्याच्या समाधानानं परत येऊन चहा पिऊ लागली. ट्राम अर्धी रिकामी होती. जागा धरायची काही गरज नव्हती. आम्ही कुणीही काही म्हटलं नाही, कारण आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घंटा वाजली आणि ट्राम निघाली.

रीता ओरडली, मी धावले, पण चपलेचा अंगठा तुटला आणि मी तिथेच थांबले. एवढी हळू म्हणून जिला आम्ही हसलो होतो ती गाडी नेमकी तेव्हा मोकळा रस्ता मिळून वळणापलीकडे दिसेनाशी झाली. परत आले तर मावशी हातात पेला धरून तशीच उभी होती. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. तिला मी रागावलेली पाहिली आहे, थकलेली पाहिली आहे, सासू गेली तेव्हा रडताना पाहिली आहे. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, कारण कार्डं जवळ असू दे असं मी म्हटलं होतं. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

टॅक्सी करू, मी म्हटलं. मावशी ऐकतच नव्हती. ती नाल्यावरची पुलिया ढासळल्यासारखी चहावाल्याच्या बाकावर बसली आणि म्हणाली की धर्मेंद्रला फोन लाव. धर्मेंद्र तिचा मुलगा, गोंदियात भात गिरणीवर असतो. त्याला सांग, कोणाला तरी घेऊन ये आणि आम्हाला घेऊन जा. कार्डं नाहीत, तिकिटं नाहीत, खोलीला कुलूप. "संपलं मंजू," ती म्हणाली. "चुन्नीलाल म्हनत होता तेच झालं. माझ्याच हातानं झालं."

मला कळत होतं की ती थैलीसाठी रडवेली झाली नव्हती. कार्डं नवी निघतात. तिनं चारचौघांत शब्द दिला होता आणि त्या शब्दावर गावातल्या सगळ्या बायकांचं पुढचं जाणं येणं बांधलं होतं. धर्मेंद्र आला की गावात एकच गोष्ट सांगितली जाणार होती, की बायका गेल्या आणि पुरुषाला आणायला जावं लागलं. मी फोन हातात घेतला होता, पण नंबर लावत नव्हते. रीता आणि तिची सासू माझ्याकडे बघत होत्या. आम्ही सगळ्या मावशीनं काही करावं म्हणून थांबलो होतो, आणि मावशी काही करत नव्हती.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सावित्रीबाई आमच्यात नाही. पाहिलं तर स्टँडच्या टोकाला एक छोटं केबिन होतं, गाड्यांच्या वेळा पाहणारा माणूस तिथे बसतो, त्याच्या खिडकीशी ती उभी. आणि बोलत होती. हळू नाही, थांबत थांबत नाही. घडाघडा बंगाली बोलत होती. लहानपणी बंगाली पोरींबरोबर खेळून शिकलेलं ते बंगाली, जे तीस वर्षं किराण्याच्या दुकानामागच्या घरात तिनं कुणापुढे काढलं नव्हतं, आणि या दोन दिवसांत काढायची वेळच आली नव्हती, कारण बोलायला मावशी होती.

आम्ही जवळ गेलो. तो माणूस तिला विचारत होता, हे तिनं नंतर सांगितलं, की तुमचं घर पूर्व बंगालात मूळचं कुठलं, बरिशालचं की फरीदपूरचं, असं बोलणं मी माझ्या आजीनंतर ऐकलं नाही. सावित्रीबाईनं सांगितलं, अर्जुनी मोरगाव. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला. मग श्यामबाजारच्या डेपोला फोन केला. गाडी पोहोचली की कंडक्टर थैली उतरवून घेईल, तुम्ही मागच्या ट्रामनं या, आत काय काय आहे ते नीट सांगा म्हणजे मिळेल, असं त्याचं म्हणणं सावित्रीबाईनं आम्हाला समजावलं. मावशी बाकावरून उठून आली होती आणि सावित्रीबाईच्या मागे उभी राहून ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही.

आणि तेव्हाच चुन्नीलालभाऊंचा फोन आला. सवयीनं सावित्रीबाईनं तो मावशीपुढे धरला. मावशीचा हात उठला नाही. तिनं नुसती मान हलवली. वाजणाऱ्या फोनकडे आम्ही सगळ्या बघत होतो. मग सावित्रीबाईनं तो स्वतःच्या कानाला लावला.

"थैली टराममंधी गेली," ती म्हणाली. "हो, कार्डं त्यातच आहेत. आमी आनाले जाऊन राहिलो. कोनाले पाठवू नका. कायले पाठवता, आमी पाच जनी आहोत ना. तुमी जेवून घ्या, लोनच्याची बरनी फळीवर आहे."

पलीकडून बरंच काही येत असावं. ते तिनं शांतपणे ऐकलं, मग गाडी आली, ठेवते, असं म्हणून फोन ठेवला. गाडी अजून आली नव्हती.

श्यामबाजारपर्यंतच्या त्या प्रवासात मावशी खिडकीशी बसली आणि तिकिटं सावित्रीबाईनं काढली. डेपोत कंडक्टर थैली मांडीवर घेऊनच बसला होता. आत काय आहे ते सावित्रीबाईनं सांगितलं, त्यानं उघडून पाहिलं आणि मग विचारलं की बाई, तुम्ही थैली आत टाकून बाहेर चहा का पीत होता. तिनं आमच्या एसटीचा रिवाज समजावून सांगितला. ते ऐकून डेपोतली माणसं पोट धरून हसली. एकानं तर आपला रुमाल काढून उभ्या ट्रामच्या खिडकीतून टाकून पाहिला. मावशीही हसली, पण उशिरा. तिनं थैली घेतली, आमची कार्डं काढली आणि एकेकीच्या हातात दिली.

उरलेले दोन दिवस आम्ही शहरभर हिंडलो. मावशी पुन्हा मोठ्यानं बोलू लागली, कंडक्टरच्या शेतीची चौकशी करू लागली, पण अर्थ सांगायची वेळ आली की सावित्रीबाईकडे बघायची. मला ते फार आवडलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण मावशीला कुणाकडे बघायची सवय नव्हती.

परतीला गोंदियाला गाडी बदलून अर्जुनीला उतरलो तेव्हा चुन्नीलालभाऊ स्टेशनवर होते. बरोबर गावची आणखी माणसं होती, परसराममावसाही होते. मावशीनं कुणाला बोलू दिलं नाही. ती सरळ चुन्नीलालभाऊंसमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वस्तू गेली होती, भाऊ. मिळाली, पन गेली होती. चूक माझी. मी शब्द दिला होता, मी हरली. आता बायकांची सहल नाई."

चुन्नीलालभाऊ जिंकल्यासारखे दिसत नव्हते. माझ्या ओठांवर आलं होतं, की असा शब्द देताना तुम्ही आम्हाला विचारलं होतं का. पण मी मास्तरीण असूनही ते मला वेळेवर बोलता आलं नाही.

सावित्रीबाईनं आपली पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि पदर सारखा केला.

"शब्द तुमी दोघायनं दिला," ती म्हणाली. "मले कोनी विचारलं नाई. धान निघालं का मी पुढल्या साली जाऊन राहिली. ज्याले यायचं असंल त्यानं सांगजा."

चुन्नीलालभाऊ पिशवी धरून बायकोकडे बघत राहिले. मावशी तिच्याकडे बघत होती. मग माझी मावशी, जी आजवर कुठल्या रांगेत मागे उभी राहिली नाही, सावित्रीबाईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मले घेजो."